बशीतली चिल्लर आणि हक्काचा पगार

(हॉटेल-धाब्यांवर काम करणारी पोरं आणि चळवळीतले तरुण यांच्या बुलडाण्यातल्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जण गालात हसले. एक जण तर म्हणाला, 'काऊन भाऊ, विषय संपले काय? गावोगाव अत्याचार होऊन राह्यले, गायरानं हिसकावून राह्यले, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्या, अन् तुम्ही वेटरच्या टिपवर भाषण देता?' हो, देतो. कारण इथं समोर बसलेली निम्मी पोरं हॉटेलात राबतात. उरलेली निम्मी त्याच हॉटेलात बसून एका कटिंगवर दोन-दोन तास क्रांती करतात. या दोघांच्या मधे एक टेबल असतं. टेबलावर एक बशी. बशीत बडीशेप, बिल आणि चिल्लर. त्या चिल्लरीबद्दल आपण आपसात कधी तोंड उघडलं नाही. आज उघडू.

टिप द्यावी की देऊ नये, असा वाद शहरातले लोक घालतात. एक म्हणतो, द्यावी. गरीब पोरगा आहे, दिवसभर उभा असतो, दहा-वीस रुपयांनी आपलं काय जातं? दुसरा म्हणतो, देऊ नये. जेवणाचे पैसे दिलेत, आणखी कशाचे द्यायचे? सवय लागते, हात पसरायला शिकतात. दोघंही भले लोक. दोघांचंही पोट भरलेलं. आणि दोघांच्याही बोलण्यात एक माणूस कुठंच नाही: गल्ल्यावर बसलेला मालक. ज्यानं कामाला ठेवलं, ज्यानं पगार द्यायचा, तो या वादातून अलगद बाहेर. वाद गिऱ्हाइकात आणि वेटरात. मालक नोटा मोजतोय.

शहाणपणा म्हणतात तो हा. मोजणाऱ्याकडं बोट जाऊ नये म्हणून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला झुंजवत ठेवायचं.

आता आपल्या भाषेत या पैशाला किती नावं आहेत बघा. बक्षिसी. खुशाली. चिरीमिरी. दिवाळीला पोस्त. आता टिप. यातल्या एकाही शब्दात 'मोबदला' नाही. 'खुशाली' म्हणजे देणाऱ्याची खुशी. तो खूष झाला तर देईल. त्याचं बायकोशी भांडण झालेलं असलं, वरणात मीठ जास्त पडलं, त्याला तुझा चेहरा आवडला नाही, तर देणार नाही. मीठ टाकलं भटारखान्यातल्यानं, पैसे गेले तुझे. कामाचा मोल ठरवणारा गिऱ्हाइकाचा मूड! जगात कुठल्या कलेक्टरचा पगार असा ठरतो? कुठला मास्तर वर्ग सुटल्यावर पोरांपुढं बशी धरतो?

दोस्तहो, ही पद्धत आपल्याला नवी नाही. ही आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरून गेलेली आहे. तिचं नाव बलुतं. काम ठरलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, रात्री गावावर पहारा करा. काम पक्कं आणि मोबदला मात्र कुणब्याच्या खळ्यावर, त्याच्या मर्जीवर. पाटी भरून दिली तर दिली, मूठभर दिली तर मूठभर. सुगी बुडाली की बलुतं बुडालं, काम मात्र बुडत नव्हतं. वरून गावाचा तोरा असा की आम्ही यांना पोसतो! राबणारा मागता झाला आणि राबवून घेणारा दाता झाला. ही जादू टेबलावरच्या त्या बशीतही तशीच आहे.

बाबासाहेबांनी ही जादू ओळखली होती. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. त्यातला गाभा काय होता? कुणब्यांनी महाराला धान्यातून जे बलुतं द्यायचं त्याचं पैशात रूपांतर करा, ते सरकारनं वसूल करावं, आणि राबणाऱ्याला ठरलेला रोख पगार द्यावा. त्याचं कामही ठरवून द्या. म्हणजे कुणाच्या दारात उभं राहणं नको, कुणाची खुशी नको. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. जुन्या मुंबई इलाख्यातली ही वतनं कायद्यानं संपायला १९५८चा कायदा यावा लागला. आपलं वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हतं, मध्यप्रांतात होतं. पण दारात उभं राहायचं दुखणं तापीच्या खोऱ्यात आणि कृष्णेच्या खोऱ्यात वेगळं नव्हतं.

बाबासाहेबांनी 'कुणब्यांनो, बलुतं जरा सढळ हातानं द्या' असं म्हटलं नाही, हे ध्यानात घ्या. त्यांनी दात्याचं मन वळवायचा धंदा केलाच नाही. दाता हे पदच काढून टाकायला ते निघाले होते. टिपच्या वादात आपली बाजू कुठली, याचं उत्तर इथंच आहे.

पुढं हेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. त्यातूनच १९४८ चा किमान वेतन कायदा आला. महाराष्ट्रात निवासी हॉटेल, उपाहारगृह आणि खानावळ हे धंदे त्या कायद्याच्या यादीत होते. किती जणांना माहीत होतं? हॉटेलात फडकं मारणाऱ्या पोराचा पगार सरकारनं ठरवायचा असतो, हे त्याच्या बापालाही कुणी सांगितलं नाही. आता तो कायदा जाऊन वेतन संहिता आली आहे. २०१९ साली संसदेत पास झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या चार नव्या संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि ते आपण वेगळ्या बैठकीत बोलू. पण आजच्या विषयापुरतं त्यातलं आपल्या कामाचं ते घेऊ. किमान वेतन आता यादीतल्याच धंद्यांना नाही, सगळ्या धंद्यांना आहे. दहा माणसं असोत की दोन. पगाराची चिठ्ठी द्यायची आहे. पगार कमी दिला अशी मागणी तुम्ही तीन वर्षांच्या आत नोंदवली, तर पूर्ण पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुमची नाही. हे वाक्य पाठ करा.

आणि आणखी एक. १९८२ साली, दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती तेव्हाच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात माणसाला राबवणं म्हणजे वेठबिगारी. घटनेच्या २३ व्या कलमानं वेठबिगारीला बंदी आहे. म्हणजे जो मालक म्हणतो, 'पगार थोडा कमी आहे, पण टिप चांगली सुटते,' तो तुम्हाला नोकरीची सवलत सांगत नसतो. तो वेठबिगारीची जाहिरात करत असतो.

हे वाक्य तुम्ही ऐकलं आहे ना? मी ऐकलं आहे. हायवेवरच्या एका धाब्यावर मी काम केलंय, नाव घेत नाही. कामावर ठेवताना मालक म्हणाला, 'पगार काय बघतो, वरकमाई बघ.' महिनाअखेरीला फुटलेल्या ग्लासांचे पैसे कापले. कशातून कापले? त्याच वरकमाईतून. टिप त्याच्या गल्ल्यात जमा व्हायची, तोच वाटायचा. म्हणजे गिऱ्हाइकानं मला दिलेले पैसे मालकानं मला दंड म्हणून लावले.

आता जरा हिशेब करू. समजा एका हॉटेलात सहा वेटर आहेत. टिप मिळते म्हणून मालक प्रत्येकाला महिना तीन हजार रुपये कमी देतो. सहा गुणिले तीन, अठरा हजार महिना. वर्षाला दोन लाख सोळा हजार. हे पैसे कुणी भरले? पाच-पाच, दहा-दहा करत गिऱ्हाइकांनी. तुम्हाला वाटतं आपण पोराला मदत केली. तुम्ही शेठजीला मदत केली भाऊ! त्यानं द्यायचा पगार तुम्ही भरला, आणि उपकार तुमचा वेटरवर झाला.

शिवाय टिप म्हणजे पगार नव्हे, हे कायदाच सांगतो. २०१६ साली आयटीसीच्या हॉटेलांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की टिप गिऱ्हाइकाकडून येते, ती पगार नाही, आणि मालकाकडून ती मागायचा कामगाराला हक्क नाही. तो खटला होता आयकर कापायचा. पण आपल्या बाजूनं वाचा: जो पैसा पगार नाही, तो फंडात धरला जात नाही, बोनसात नाही, ग्रॅच्युइटीत नाही. वीस वर्षं टिपवर जगलेला माणूस ज्या दिवशी कंबर धरून बसतो, त्या दिवशी त्याच्या हातात शून्य. आजारी पडला की टिप बंद. बाई बाळंत झाली की टिप बंद. सुगी बुडाली, बलुतं बुडालं.

आपल्या जिल्ह्यात या सुगीचं चक्र डोळ्यांनी दिसतं. शेगावला प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत वेटरचं जरा बरं. मग दिवसच्या दिवस कोरडे. लोणारला सुट्टीत गाड्या येतात, पावसाळी आड दिवशी टेबलावर माश्या. समृद्धी महामार्ग झाला, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण रस्ता उघडला. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून तो जातो. गाड्या तिकडून सुसाट निघून जातात आणि जुन्या रस्त्यावरच्या धाब्यावरचा पोरगा हायवेकडं बघत बसतो. रस्ता कुठून न्यायचा हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण रस्ता हलला की त्याची कमाई हलते. कारण ती पगार नाही, वाऱ्यावरची वरात आहे.

आणि आता नवी भर. फोनवरून पैसे. गल्ल्यावर चौकोनी चित्र लावलंय, गिऱ्हाईक फोन धरतो, 'टुंग' वाजलं, पैसे मालकाच्या खात्यात. मोड उरतच नाही. बशीत पडायला काहीच नाही. पगार टिपच्या भरवशावर कमी ठेवलेला, आणि टिप मात्र फोननं गिळली. पगार वाढला का? विचारा तुमच्या शेजाऱ्याला.

मघापासून मी वेटर-वेटर म्हणतोय. पण वेटर हा त्यातल्या त्यात वरचा. तो टेबलापाशी उभा राहतो म्हणून त्याला टिप दिसते तरी. मागं मोरीवर जो भांडी घासतो, सोड्यानं ज्याच्या बोटांची सालं निघतात, त्याच्यापर्यंत बशी पोचतच नाही. संडास धुणाऱ्या बाईपर्यंत तर नाहीच. आता आपापल्या हॉटेलात मोजा. मोरीवर कोण? झाडूवर कोण? टेबलावर कोण? गल्ल्यावर कोण? आडनावं लिहून काढा. काही हॉटेलांत सगळे मिसळलेले निघतील, आनंद आहे. पण जिथं उतरंड निघेल, तिथं टिपही त्याच उतरंडीनं खाली येते आणि मोरीच्या आधीच आटते. घटनेच्या १५ व्या कलमात उपाहारगृह हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. जातीवरून कुणाला तिथं मज्जाव करता येणार नाही. पुढच्या दारानं आत जायचा हक्क आपण मिळवला. मागच्या दाराचा प्रश्न तसाच आहे.

मित्रांनो, ज्यांच्या नावावरून १९७२ साली दलित पँथरनं आपलं नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हे सगळं आपल्याआधी भोगलंय. तिथं १८६५ मध्ये गुलामी कायद्यानं संपली. पुढं पुलमन नावाच्या रेल्वेडब्यांच्या कंपनीनं झोपायच्या डब्यांतून सेवा करायला काळी माणसं भरली. पगार तुटपुंजा, बाकी टिपवर. रात्र-रात्र जागायचं, बूट पुसायचे, आणि हसायचं. प्रवासी त्या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत, 'जॉर्ज'. कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची तीच जुनी रीत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली या माणसांनी युनियन काढली. टिपच्या लाचारीतून सुटका आणि जगता येईल असा पगार, ही त्यांची मागणी. कंपनीनं बारा वर्षं दमवलं. १९३७ मध्ये करार झाला. तोंडावरचं हसू विकत घेणाऱ्या कंपनीला लेखी सही करावी लागली.

पण तिथलीही गोष्ट तिथं संपत नाही. आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप घेणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, टिप धरून ७.२५ डॉलर भरले की झालं. २.१३ हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांनी मात्र ही सवलत काढून टाकली आहे. तिथं मालकानं पूर्ण किमान वेतन द्यायचं, टिप त्याच्या वर. तिथली हॉटेलं काही ओस पडली नाहीत. आपल्या कायद्यात टिप पगारात धरायची सवलत मालकाला नाही. कागदावर आपण पुढं आहोत. प्रत्यक्षात आपला प्रत्येक दुसरा मालक तो अमेरिकन कायदा स्वतःच्या डोक्यानं चालवतो.

इकडं दिल्लीत काय चाललंय? मोठी हॉटेलं बिलातच सेवाशुल्क लावत होती. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं, असं सक्तीनं लावायचं नाही. हॉटेलमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. म्हणाल्या, हा पैसा कामगारांना जातो. एकाएकी मालकांना कामगारांचा पुळका! २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. गिऱ्हाईक खूष. पण या खटल्यात दोन पक्ष होते, एक गिऱ्हाइकाच्या खिशाचा, एक मालकाच्या गल्ल्याचा. जेवण वाढणाऱ्याचा पगार हा कुणाचाच मुद्दा नव्हता. खरं तर १९७६ सालीच जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की सेवाशुल्क म्हणून गोळा केलेला पैसा मालकाची कमाई नाही, तो कामगारांचा. पुळका खरा असता तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा हिशेब आधी मांडला असता.

काही जण म्हणतील, सेवा ही पवित्र गोष्ट आहे, तिथं पैसा कशाला आणता. शेगावच्या संस्थानात बघा, किती माणसं एक पैसा न घेता सेवा करतात, शिस्त काय, स्वच्छता काय. करतात, खरं आहे, आणि ती शिस्त कुणीही मान्य करावी. पण तो सेवेकरी आपल्या मर्जीनं पाळीला येतो आणि पाळी संपली की घरी जातो. घरी त्याची चूल वेगळ्या कमाईवर पेटलेली असते. हॉटेलातला पोरगा पाळीला आलेला नाही. त्याची चूलच तिथं आहे. सेवा स्वखुशीची असते. नोकरीला सेवा म्हणून पगार बुडवणं ही चोरी.

दुसरा आक्षेप जरा खरा आहे. 'हॉटेल छोटं आहे, किमान वेतन दिलं तर बंद पडेल.' नवरा-बायको मिळून भजी तळतात, तिथं मालक कोण आणि मजूर कोण? त्या टपरीवर आपण मोर्चा नेणार नाही. पण ज्याचं लॉजिंग-बोर्डिंग आहे, वर एसी रूम, खाली परमिट रूम, दारात दोन गाड्या, त्यानं हे सांगू नये. तो कोळशाच्या भावात खुशाली मागत नाही. गॅसवाल्याला म्हणत नाही, सिलिंडर ठेवून जा, गिऱ्हाईक खूष झालं तर काही तरी देईल. सगळ्यांचे दर पक्के. वाऱ्यावर फक्त माणूस. आणि ज्याचा धंदा माणूस उपाशी ठेवल्याशिवाय चालत नाही, तो धंदा बंद पडला तर कुणी रडू नये.

आता आपल्यातल्या पुस्तकी मित्रांसाठी. काही जण छाती काढून सांगतात, 'आपण तत्त्व म्हणून टिप देत नाही. टिप म्हणजे सरंजामी अवशेष.' वा रे तत्त्व! तुझ्या तत्त्वाची किंमत त्या पोराच्या रात्रीच्या बसभाड्यातून का? तू वीस रुपये वाचवले म्हणून त्याचा पगार वीस रुपयांनी वाढला काय? नाही ना. मग ते तत्त्व नाही, कंजुषी आहे. तिच्यावर निळा झेंडा लावू नकोस. जोवर पगार पुरा मिळत नाही, तोवर टिप द्यायची. हातात द्यायची, बशीत टाकायची नाही. नावानं बोलवायचं, 'ए पोऱ्या' नाही. आणि देताना विचारायचं, 'पगार किती मिळतो? चिठ्ठी मिळते का? मोरीवर कोण आहे, त्यालाही वाटा जातो का?' टिप देऊन मोकळं व्हायचं नाही. टिप देऊन प्रश्न हातात घ्यायचा.

आणि हॉटेलातल्या भावांनो, तुमच्यासाठीही एक कडू गोष्ट. तुमच्यातले काही म्हणतात, 'पगार-बिगार नको, टिप आपल्याला परवडते.' चांगल्या टेबलावर चांगल्या सीझनला परवडत असेल. पण ती तुमच्या मोरीवरच्या दोस्ताला परवडत नाही. आणि तुम्ही चाळिशीचे झालात, केस पिकले, की चांगलं टेबल दुसऱ्या तरुण पोराला मिळतं. टिप तुम्हाला एकमेकांपासून तोडते. टेबलावरून भांडणं लावते. पगार तुम्हाला एका बाजूला उभं करतो. १९७३च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात जातीनं दाबलेल्यांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे पिळलेले धरले होते. तो शब्द किती मोठा होता ते हॉटेलाच्या भटारखान्यात गेल्यावर कळतं. तिथं घाम सगळ्यांचा एकाच नळावर धुतला जातो.

म्हणून काम सांगतो, घोषणा नंतर.

एक, प्रत्येकानं आपल्या कामाचे तास आणि मिळालेला पगार रोज वहीत लिहायचा. तारीख टाकून. मालक पगाराची चिठ्ठी देत नसेल तर वही हीच तुमची साक्षीदार.

दोन, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून हॉटेल धंद्याचा आजचा किमान वेतनाचा दर लेखी आणायचा आणि बुलडाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव, मेहकर इथल्या हॉटेलांच्या पोरांपर्यंत पोचवायचा. शिकलेल्यांनी हे काम घ्यावं. कविता नंतर लिहा.

तीन, टिपची पेटी असेल तर ती कामगारांच्या ताब्यात. वाटा सगळ्यांना, मोरी आणि झाडूसकट. मालकाचा हात पेटीला लागता कामा नये. आणि पेटीतला एक पैसाही पगारात धरला जाणार नाही.

चार, एकट्यानं मालकाशी भांडायचं नाही. एकटा गेला की तो दुसऱ्या दिवशी घरी. दहा-वीस जण मिळून तक्रार. चौदा वर्षांखालचं पोरगं कुठं राबताना दिसलं तर तिथं थांबायचं, विचारायचं. हॉटेल-धाब्यावर त्यांना ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ नंतर सगळ्याच धंद्यांत आहे.

दोस्तहो, आपल्या माणसांनी एकेकाळी गावची भाकर मागणं सोडलं. उपास पडले, गावानं बहिष्कार टाकला, तरी सोडलं. भाकर कडू झाली होती म्हणून नव्हे. ती ज्या हातानं वरून टाकली जायची, तो हात त्यांना मान्य नव्हता. आज चिल्लर वरून पडते, बशी काचेची आहे, एवढाच फरक. ती आज उचला, पोटाला लागते. पण उद्या तिची गरज पडू नये यासाठी आजच कामाला लागा.

वहीचं पहिलं पान आज रात्रीच लिहा. जय भीम.